जिन्याची आजी आणि मातीची आजी

सोमवार, ३ फेब्रुवारी

तू ही वही वाचशीलच असं मी धरून चालत नाही, कारण ती कुठे ठेवलीय ते मी सांगीन आणि तू विसरशील. जाताना चष्मा विसरलीस, दाढदुखीच्या गोळ्या विसरलीस, आणि पोरीचा पापा घ्यायचा राहिला म्हणून दोनदा परत आलीस ती दोन्ही वेळा माझाच घेऊन गेलीस. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवते. बोलणारी मी तुझी आई, लिहिणारे तुझे बाबा, आणि आमच्या दोघांच्या मधे सतरंजीवर लोळतंय ते मुटकुळं तुझं. साडेतीन वर्षांचं आहे, मुलगी आहे.

तू गेलीस दूर रस्त्याच्या कामावर, मोजमापं घ्यायला. जावईबापूंची छापखान्यात रात्रपाळी. म्हणून सोमवार ते शुक्रवार पोर माझ्याकडे आणि शनिवार-रविवार तुझ्या सासूकडे, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. म्हणजे मी आठवड्याची आजी आणि ती रविवारची. ही वाटणी मला पसंत आहे. रस्ता लांबला तरी चालेल, तू सावकाश ये.

मला अक्षर ओळखू येत नाही. काजं-बटणं करण्यात जन्म गेला. बटण शर्टाचं की परकराचं ते डोळे मिटून बोटांनी सांगीन, पण कागदावरच्या मुंग्या मला सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून मी बोलते आणि तुझे बाबा लिहितात. गोदामात पावत्या लिहून लिहून त्यांचा हात असा आखडलाय की मी दहा वाक्यं बोलले की ते तीन उतरवतात. तेव्हा मी प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावते. वही माझी खासगी आहे. यातलं तुला काय पाठवायचं नि काय नाही ते मी ठरवीन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आपला तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे तुला आठवत असेल तर. बालवाडीत नेता-आणताना मी तिला कडेवर घेते. एक हात कठड्याला, एक हात तिच्याखाली. तुझे बाबा रोज तेच दळण दळतात, ती चालते की, उतरव तिला, गुडघा बघ तुझा. गुडघा माझा आहे. कुरकुरतो, पण कुरकुरत का होईना कामाला येतो, तुझ्या बाबांसारखाच. हे लिहिलंत का? वाचा बघू.

खरं सांगायचं तर ती कडेवर असली की तिचा श्वास मानेला लागतो. मला वाटतं जिना संपू नये. गुडघ्याला वाटतं संपावा. दोघांचं भांडण तसंच ठेवून मी वर येते.

घरात शेपटासारखी माझ्यामागे असते. मी ओट्याशी तर ती ओट्याशी. मी उठले की ती उठते, मी बसले की ती बसते. बसताना मांडीवर हात टेकते आणि हळूच 'आई गं' म्हणते. एवढ्याशा जिवाला तुझी केवढी आठवण. मी दिवसभर खपायचं आणि हिने हाक तुला मारायची. असो, आई ती आई.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल संध्याकाळी जावईबापूंनी पोर आणून सोडली ती ओळखू येईना. नखांत माती, केसांत माती, गुडघ्यावर ताजी खपली, पाय उघडे आणि चपला जावईबापूंच्या पिशवीत. विचारलं तर म्हणाले, आईकडे ती अनवाणीच असते. तुझ्या सासूची रोपवाटिका आहे, म्हणजे तिथे माती असणार, एवढं मलाही कळतं. पण माती कुंडीत भरतात. नातवंडात नाही.

आंघोळ घालताना तिने बातमी दिली की तिकडची आजी ती मातीची आजी. मी साबण चोळता चोळता, सहज विचारल्यासारखं, विचारलं, आणि मी गं कोण? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, तू जिन्याची.

माती ऐकायला तरी बरी. जिना म्हणजे काय, ना धड घरात ना धड दारात. माझ्या हातचं खाते, माझ्या कुशीत झोपते, आणि नाव दिलं जिन्याचं. दुपारी जाऊन तिला बूट आणले. चांगले जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे आणि एक माप मोठे. वाढता पाय आहे, पुढे कापूस कोंबला की झालं. आता बघते माती कुठून शिरते ती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बालवाडीच्या बाईंनी मला दारात थांबवलं. तरुण आहेत, गळ्यात शिट्टी असते. म्हणाल्या, घसरगुंडीच्या शिडीवर मुटकुळं चढतं ते एका पायरीवर दोन्ही पाय आणून आणि कठडा न सोडता. एका पायावर उभं राहत नाही. बाकीची मुलं उड्या मारतात तेव्हा हे कडेला कमरेवर हात ठेवून बघत असतं.

मी म्हटलं, बघायलाही अक्कल लागते.

त्या हसल्या नाहीत. घरी कोण असतं, पळायला जागा आहे का, बाहेर खेळायला जाते का, दिवसातून किती वेळ कडेवर असते. पोलिसांनी विचारावं तसं. मी म्हटलं, तुम्ही तिची बोटं बघा. मोठ्या सुईत दोरा घालते, मणी ओवते, वर्गातल्या निम्म्या पोरांची बटणं तीच लावते. बाई म्हणाल्या, हो, ते फारच सुरेख करते, इतक्या लहान मुलीचं असं मी पाहिलं नाही. पण आजी, पायांचं काय?

पायांचं काय म्हणे. आमच्या वेळी पाय कुणी तपासत नव्हतं. असायचे आणि चालायचे.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल तुझा फोन आला. बाईंनी तुला आधीच सगळं सांगितलेलं. तू आधी माझा गुडघा विचारलास, मग बाबांचा खोकला विचारलास, आणि मग मांजराच्या पावलांनी मुद्द्यावर आलीस. सासूबाईंकडे जमीन सपाट आहे, मोकळं आहे, जिना नाही. आठवडाभर तिकडे राहिली आणि शनिवार-रविवार तुझ्याकडे आली तर कसं होईल, आई? लगेच नाही. लहान मुलांच्या हालचाली तपासणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू, मग ठरवू.

तुला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती.

रविवारची आजी. पोर पाहुण्यासारखी येणार आणि पाहुण्यासारखी जाणार. झोप येताना ती कान चोळते, आधी डावा, मग उजवा. तुझी सासू हे सगळं शिकून घेईल आणि मी हळूहळू विसरेन. तिच्या घरी टॉवेल अडकवायला पोरीचा खिळा असेल आणि माझ्याकडे ती पिशवीतून टॉवेल घेऊन येईल.

हे पान पाठवायचं नाही. ऐकू आलं ना?

रविवार, २३ फेब्रुवारी

आज कुंडी आणायला गेले होते. हसायचं काम नाही, कुंडीची गरज होती. आता कुंड्या तुझ्या सासूकडेच मिळतात त्याला मी काय करणार.

दोन बस बदलून गेले. फाटकातून आत न जाता आधी बाजूच्या उंच झाडांच्या रांगेमागे जरा दम खायला उभी राहिले. वर हिरवी जाळी बांधलेली, खाली काळ्या पिशव्यांतून रोपांच्या रांगा, मधून पाण्याची नळी वाकडीतिकडी पसरलेली. एका कोपऱ्यात वाळूचा ढीग. चिखलावरून जायला फळ्या टाकलेल्या. विहीणबाई पायजमा दुमडून, घमेल्यात माती कालवत होत्या. माझ्याहून थोडीशीच लहान आहे, पण सांगताना चांगली सहा-सात वर्षांनी लहान होते.

आणि आपलं मुटकुळं त्या फळीवरून चाललं होतं. दोन्ही हात पसरून, जीभ बाहेर काढून, अनवाणी. फळी संपली तशी नळीवरून उडी मारली. हातात छोटी झारी, तिच्यातलं पाणी निम्मं रोपांना, निम्मं फ्रॉकला. मग पडली. सपशेल. माझं सगळं अंग पुढे झालं. झाडाची फांदी धरली म्हणून थांबले. विहिणीने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा माती कालवायला लागली. अशी बाई. पोर उठली, हात फ्रॉकला पुसले, वाळूच्या ढिगावर चढली आणि धावत खाली आली. धावत. मग खाली येऊन एका पायावर उड्या मारत झारी शोधायला गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं आलं, असं लिहा. नको, ते खोडा. पोटात दुखलं, असं लिहा.

तेवढ्यात विहिणीने मला पाहिलं. कुंडी हवीय, मी म्हटलं. कोणत्या झाडाला, तिने विचारलं. मला जगातल्या एकाही झाडाचं नाव आठवेना.

पोरीने मला पाहिलं आणि 'जिन्याची आजी' ओरडत धावत सुटली. पण जवळ आली तशी तिची धाव गेली. कमरेवर हात आला, पाय ओढायला लागली, आणि शेवटची काही पावलं अशी आली की जणू दिवसभर दगड उचलत होती. म्हणजे तिकडे पायांत बळ आणि मी दिसले की बळ गेलं. काय हो, मला बघून लेकराच्या पायातली ताकद जाते, असं असतं का कुठे?

तुझ्या बाबांचं पेन थांबलंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मी रडत बसणाऱ्यांतली नाही. तिकडे जे जमतं ते माझ्याकडे जमलंच पाहिजे, आणि डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आत जमलं पाहिजे. आजपासून शिकवणी.

बालवाडीतून आलो तशी तिला जिन्याच्या तोंडाशी उतरवलं. नवे बूट घट्ट बांधले. म्हटलं, मी पुढे, तू मागे. जिन्याची आजी कशी चढते ते नीट बघ आणि तसंच कर. उजवा पाय टाकला, डावा त्याच्या शेजारी आणला, कठडा धरला, दम घेतला. मागे वळून पाहिलं तर तिने जसंच्या तसं केलेलं. एक चूक नाही. इतकं लक्ष देऊन शिकणारं मूल मी पाहिलं नाही. पहिल्या मजल्यावरचा घड्याळजी दार उघडून बघत राहिला. म्हणाला, दोघींची मिरवणूक कुठे निघाली? त्याच्या घरी नातवंड नाही, जळत असणार बिचारा.

वर पोचायला वेळ लागला. पोचल्यावर आम्ही दोघी एकदमच खुर्चीत टेकलो आणि दोघींना एकदमच तुझी आठवण झाली. मीसुद्धा 'आई गं' म्हटलं.

सोमवार, ३ मार्च

शिकवणी चालू आहे. पण शुक्रवारपर्यंत मी बसवलेलं सगळं शनिवार-रविवारच्या मातीत जातं. जावईबापू सांगत होते, काल आईकडे ती पेरूच्या झाडावर चढली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि तिला आज दोनदा जिना चढवला.

कुंडी गॅलरीत ठेवलीय. रिकामी.

शुक्रवार, ७ मार्च

बाईंनी पुन्हा थांबवलं. या वेळी त्या ओठ चावत होत्या, हसू दाबायला. मला खिडकीतून आत बघायला सांगितलं. घसरगुंडीची शिडी, आणि शिडीवर मुलांची रांग. सगळ्यांत पुढे आपलं मुटकुळं. उजवा पाय, डावा शेजारी, कठडा, दम. आणि मागची सगळी पोरं तशीच. कमरेवर हात, पाय ओढत, प्रत्येक पायरीला कण्हत. एकजण तर मधेच थांबून पाठ चोळत होता.

आठवडाभर असंच चाललंय, बाई म्हणाल्या. आणि हिच्या पायांचं आधीपेक्षा जास्त झालंय. आता उशीर नको.

मी अर्ध्या वाटेत तिला कडेवर घेतलं. शिकवणी बंद. माझ्याच्याने झालं नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाई, आणि तू विहिणीलाही यायला सांगितलं आहेस. निकाल लागताना समोर कोणीतरी हवंच ना बघायला.

गुरुवार, १३ मार्च

हे सावकाश लिहा. गाळू नका काही.

दवाखान्यात बाकावर आम्ही दोघी आणि मधे ती. तिचा एक हात माझ्या मांडीवर, एक विहिणीच्या. मी डोळ्यांनी मापलं. माझ्याकडे कोपरापर्यंत आला होता, तिच्याकडे नुसता पंजा.

डॉक्टरीणबाई खालीच सतरंजीवर बसल्या. पोरीला ठोकळे रचायला दिले, चेंडू दिला, बटणांचं एक कापड दिलं. बटणं तिने अशी सोडली नि लावली की डॉक्टरीणबाईंनी कापड उलटंसुलटं करून पाहिलं. बोट धरून एका पायावर उभी केली तर उभी राहिली. मग बोट सोडलं तरी उभी. पोटऱ्या दाबून पाहिल्या, पावलं पाहिली. खाणं काय, झोप किती, जन्माच्या वेळी काही अडचण होती का, सगळं विचारलं. मग बूट हातात घेतला आणि त्याच्यातून कापूस ओढून काढला. निघतच राहिला कापूस. हा कुणी घातला, त्यांनी विचारलं. विहीण छताकडे बघायला लागली. तेवढे तिचे उपकार मी मानते.

मग म्हणाल्या, आता एकेका आजीबरोबर बाहेरच्या पॅसेजमध्ये टोकापर्यंत जाऊन ये. आधी विहीण. ती लांब ढांगा टाकते, पोर तिच्या बाजूने दुडक्या चालीने गेली नि आली. मग मी. आम्ही दोघी परत आलो तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना. आजी, तुम्ही आता बसा, त्या म्हणाल्या. हिला एकटीला जाऊ दे, तुम्ही नुसतं बघा. आणि तिला म्हणाल्या, घरी चालतेस तशी चालून दाखव.

माणूस आरशात तोंड बघतं, चाल कोण बघतं? माझी चाल मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्या पॅसेजमध्ये ती माझ्यापासून लांब लांब जाताना दिसली. डावा पाय जरा ओढत, हात कमरेवर, खांदा एकीकडे उतरलेला. टोकाला पोचल्यावर वळतानासुद्धा आधी मान, मग खांदे, मग बाकीची मी. फ्रॉक घातलेली मी.

"हिच्या पायांना काहीही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोटं तर पाच वर्षांच्या मुलीची आहेत. चाल तेवढी सत्तरीतली आहे. ही तुमची चेष्टा करत नाही, आजी. हिला वाटतं, तुमच्या घरी असंच चालायचं असतं."

मग त्यांनी समजावलं, मी घोट घोट ऐकलं. मूल काही नुसत्या पायांनी चालायला शिकत नाही. जमीन कशी आहे, पायांत काय घातलंय, हातपाय हलवायला जागा आहे का, पडलं तर उठायला वेळ देतात की झडप घालून उचलतात, बरोबरची पोरं काय करतात, हे सगळं त्यात येतं. आणि कुणाकडे बघत राहायला त्याला आवडतं, तेही येतं. पोरीला कडेवरून उतरवा, मापाचे हलके बूट द्या, मोकळं सोडा. चाल आपोआप सुटेल. आणि तुमचा गुडघा कुणी पाहिलाय का? मी म्हटलं, आमचे हे रोज बघतात.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी काय वाटलं ते सांगू का? तिकडे फळ्या, तिकडे वाळू, तिकडे पेरूचं झाड, आणि तरी चाल उचलली ती माझी. छाती फुगली माझी. मी विहिणीकडे बघितलं, जिंकल्यासारखं.

ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. नखांत माती होती, दवाखान्यात येताना घासून आलेली, तरी होती.

"शनिवारी माझ्याकडे येते ती तुमच्यासारखी चालत येते," ती म्हणाली. "दुपारपर्यंत मी ती चाल घालवते. रविवारी संध्याकाळी पिशवी भरायला घेतली की लगेच कमरेवर हात. मला वाटायचं, हिचं माझ्याकडे मनच लागत नाही. मी या वयात एका पायावर उड्या मारून दाखवते, तर ही तुमचं नाव काढून कण्हते."

बाकावर मधे पोर कापसाच्या गोळ्या करून रांगेत मांडत होती.

मी म्हटलं, "मी तुमच्या वाळूच्या ढिगावर जळत होते."

"ते दिसलंच," विहीण म्हणाली. "कुंडी नेलीत आणि रोप न्यायचं विसरलात."

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं काहीच नाही, तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या. तुझा फोन यायच्या आधी मीच ठरवलं.

आठवडा विहिणीचा.

माझ्यासारखं तिने चालावं, हे मला आवडलं. खोटं कशाला बोलू? आणखी काय मागायचं असतं माणसाने. पण मी तशी चालते ती नाइलाजाने, आणि तिला कसलाही नाइलाज नाही. मी तिला कडेवर घेते तेही तिचे पाय दुखतील म्हणून नाही. हे लिहू नका. लिहिलंत? मग राहू दे.

फोनवर तू विचारलंस, आई, रागावून तर नाही ना सांगत आहेस? मी म्हटलं, रागावून सांगायचं असतं तर तुझ्या सासूचं वय खरं सांगितलं असतं.

सोमवार, ३१ मार्च

घर इतकं मोठं होतं हे मला माहीत नव्हतं. गुडघ्याचे व्यायाम मिळालेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा. तुझे बाबा समोर बसून स्वतःचाही पाय उचलतात, सोबत म्हणून.

आज सकाळी विहिणीचा फोन. पोर बालवाडीतून येते, पळते, जेवते, सगळं ठीक. पण दुपारी झोपत नाही. कान चोळते आणि जागी राहते. आधी कुठला कान, मी विचारलं. तिला सांगता आलं नाही. मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं की बरं वाटलं. शेवटी ती म्हणाली, तुम्हीच का येत नाही दुपारच्या, इथे एकही पायरी नाही. मी म्हटलं, बघते, कामं असतात मला. आणि बस पकडली.

मंगळवार, ८ एप्रिल

रोज जाते. विहिणीने मला स्टूल दिलंय. उंच आहे, उठायला गुडघ्याला बरं पडतं. बहुधा मुद्दाम आणलं असावं, पण ती तसं म्हणाली नाही, म्हणून मीही आभार मानले नाहीत. पोर झोपून उठली की मी जुन्या गोणपाटाच्या पिशव्या शिवते आणि ती मोठ्या सुईत दोरा घालून देते. विहिणीने एकदा प्रयत्न केला. सुईच्या नाकात दोरा घालताना स्वतःचं तोंड उघडलं, तरी दोरा गेला नाही. माझा दिवस चांगला गेला.

पोर पडते. मी हात मांडीखाली दाबून बसते. आम्ही दोघी लगेच दुसरीकडे बघतो, ती घमेल्यात, मी सुईत. पण पडल्यावर पोर आधी कुणाकडे बघते, ते मी चोरून बघतेच. काल माझ्याकडे बघितलं. आज तिच्याकडे.

शनिवार, १२ एप्रिल

ती आज राहायला आली. पिशवीत टॉवेल.

खाली जिन्याशी मी नेहमीसारखी वाकले आणि तशीच सरळ झाले. म्हटलं, तू हो पुढे. पायांत हलके बूट, मापाचे. तिने पाय टाकला, मग दुसरा त्याच्या पुढच्या पायरीवर. मग पुढच्या. कठडा धरला, मग सोडून दिला. कमरेवर हात नाही, दम नाही, कण्हणं नाही. मला वाटलं वळणावर तरी मागे बघेल. नाही बघितलं. वळली आणि दिसेनाशी झाली. वरून नुसती पावलं ऐकू येत होती, पटापट, कुणाचीच नसलेली. तिची तिची.

माझी चाल तिने मला परत करून टाकली.

तुझ्या बाबांनी दार उघडलं तर पोर एकटीच. त्यांना वाटलं मी पडले, आणि अनवाणीच खाली धावले. मी पडले नव्हते. जिन्यात जरा बसले होते. ते शेजारी येऊन बसले. काही विचारलं नाही, तेवढं एक त्यांना कळतं. मग वरून हाक आली, तुम्ही दोघं किती हळू, मी कधीची आलेय. घड्याळजीने दार उघडून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमची नात मोठी झाली.

आता या वहीतलं काहीही तिला पाठवू नका. मी म्हटलेलं सगळं इथेच राहू दे. फक्त हे पुढचं एका कागदावर उतरवून पाठवा.

तुमच्या त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमूग आहे म्हणालीस. येणाऱ्या गाडीने भाजलेल्या शेंगा पाठव. सोललेले दाणे नकोत, टरफलासकट शेंगाच हव्यात. दुपारी आम्ही तिघी सोलत बसू. विहिणीची बोटं जाड आहेत, तेव्हा तिच्या वाटच्या मुटकुळं सोलून देणार, हे मला आत्ताच दिसतंय. देऊ दे. पण पाठवशील त्या टपोऱ्या पाठव, पटकन सोलून होतील अशा, म्हणजे मग पोर माझ्याकडे येईल.